वाचक विचारतात: चित्रांची वही कपाटात टाकू का?

प्रश्न: मॅडम, मुलगा अकरावी सायन्सला आहे. नीटचा क्लास लावलाय, पण फिजिक्सच्या वहीतसुद्धा चित्रंच निघतात. त्याचे बाबा म्हणतात, परीक्षा होईस्तोवर रंग-ब्रश कुलपात ठेव. मुलगा म्हणतो, मेंदूच्या पेशींची चित्रं काढणाऱ्या माणसाला नोबेल मिळालं होतं. असं खरंच कोणी होतं का, की आम्हाला गुंडाळतोय?
– एक आई, मानेवाडा, नागपूर

उत्तर: गुंडाळत नाहीये. सांतियागो रामोन इ काहाल, स्पेनचा, जन्म १८५२. त्याच्या घरी हाच वाद तुमच्यापेक्षा जोरात झाला. वडील गावचे डॉक्टर. पोराला चित्रकार व्हायचंय म्हटल्यावर त्यांनी जाणकाराला विचारायचं ठरवलं. जाणकार कोण, तर चर्चच्या भिंती रंगवायला आलेला कारागीर! त्यानं चित्र बघून नाक मुरडलं आणि निकाल लागला. दिवाळीला चुना मारायला आलेल्या माणसाला विचारावं, तसं. पुढे पोराला न्हाव्याकडे ठेवलं, जोडे शिवणाऱ्याकडे ठेवलं. (अकराव्या वर्षी यानं घरगुती तोफ डागून शेजाऱ्याचं फाटक उडवलं नि कोठडीत जाऊन आला. तुमचं लेकरू फारच गरीब हो.) शेवटी १८६८ च्या उन्हाळ्यात वडिलांनी त्याला कब्रस्तानात नेलं, जुनी हाडं गोळा केली आणि म्हणाले, आता ही काढ. तिथून तो शरीरशास्त्राला चिकटला.

मी नागपुरात एकतीस वर्षं मेडिकलच्या मुलांना हिस्टॉलॉजी, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखालचं शरीरशास्त्र, शिकवली. जर्नलमध्ये पेशीचं केंद्रक जांभळ्या पेन्सिलीनं, बाकी सगळं गुलाबी. स्लाइड बघायची कुणाला हौस? सीनियरचं जर्नल आणायचं नि उतरवायचं. एका वर्षी मूळ जर्नलवर चहाचा थेंब पडला होता. सात जणांनी तो इमानदारीनं पेशी म्हणून रंगवला, वर लेबलही दिलं.

काहालचं चित्र म्हणजे अशी नक्कल नव्हे. इटलीच्या कामिल्लो गोल्जीनं एक रीत शोधली होती: मेंदूचा तुकडा आधी पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये, मग सिल्व्हर नायट्रेटमध्ये. त्यात हजारोंमधल्या मोजक्याच पेशी काळ्या होतात, पण त्या शेवटच्या फांदीपर्यंत. सगळ्याच झाल्या असत्या तर नुसता काळा गिचका दिसला असता. काहालनं ही रीत १८८७ मध्ये पाहिली नि पिल्लांच्या, भ्रूणांच्या मेंदूवर वापरली, कारण तिथे तंतूंवर मायलिनचं, म्हणजे चरबीचं, आवरण अजून चढलेलं नसतं. ते चढलं की हा काळा रंग तंतूला नीट लागत नाही. तासन्‌तास सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचा आणि मग पुष्कळदा आठवणीतून काढायचं. आधी पेन्सिल, मग शाई. अनेक स्लाइडींमधलं एका कागदावर आणायचं. काय घ्यायचं आणि काय सोडायचं, त्याचं शास्त्र तिथेच होतं.

गोल्जीलाही तीच काळी झाडं दिसत होती, पण तो म्हणे हे सगळं एकसंध जाळं आहे. काहाल म्हणाला, नाही, प्रत्येक पेशी सुटी. एकीची फांदी दुसरीजवळ येऊन थांबते. १९०६ चं नोबेल दोघांना वाटून मिळालं आणि गोल्जीनं त्याच व्यासपीठावरून काहालच्या मताविरुद्ध भाषण ठोकलं!

मला सगळ्यात आवडतात ते त्याचे बाण. त्याच्या आकृत्यांमध्ये तंतूंच्या कडेला बारीक बाण असतात, संदेश कुठून कुठे जातो ते दाखवणारे. स्लाइडवर बाण नसतो, ताई. मेलेल्या पेशीत काही वाहतही नसतं. पेशींचे आकार बघून बघून त्यानं तो ओळखला आणि कागदावर मांडला. दोन पेशींमधली फट प्रत्यक्ष दिसायला १९५० च्या दशकातला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक यावा लागला. काहाल १९३४ मध्येच गेला होता.

तेव्हा वही कपाटात टाकू नका. त्याच्या बाबांना सांगा, नीटच्या ७२० पैकी ३६० गुण जीवशास्त्राचे असतात, आणि आकृती स्वतःच्या हातानं काढलेल्या मुलाला लेबलं घोकावी लागत नाहीत. मात्र पुस्तकातून उतरवू देऊ नका. कॉलेजच्या लॅबमध्ये कांद्याचा पापुद्रा लावून दहा मिनिटं बघू दे, मग सूक्ष्मदर्शक बाजूला सारून आठवेल तसं काढू दे, परत बघून चुका लाल पेन्सिलीनं दुरुस्त करू दे. पहिल्या चार वेळा भिंतीच तेवढ्या जमतील, केंद्रक राहून जाईल. राहू द्या.

आणि चहा लांब ठेवा.