कळा खऱ्या की खोट्या?

अगं, नवव्या महिन्यात पोट अधूनमधून कडक होणारच. पाणी पी, कूस बदल, थोडं चाल. कळ विरली तर बहुधा खोटी. खऱ्या कळा येतच राहतात, वाढत जातात. घड्याळ लावून बघ: दर 5 मिनिटांनी, मिनिटभर टिकणारी, तासभर चालू असेल तर निघायचं. गोव्यातल्या दिवाडी बेटावर राहतेस, तेव्हा फेरीबोटीचा वेळ धरून आधीच निघ.

पाणी गेलं, रक्त दिसलं, बाळाची हालचाल मंदावली किंवा 37 आठवड्यांआधीच कळा लागल्या, तर मोजत बसू नकोस. लगेच डॉक्टर, नाहीतर 108.

नवख्या मुली फोन करायला लाजतात. तपासून घरी पाठवलं तर पाठवलं! शेजारणींचे सल्ले मात्र राहू देत.