वाचकांचे प्रश्न : लग्नातले ‘पूर्वापार’ किती जुने?

प्रश्न : मुलीच्या लग्नाची बोलणी सुरू झाल्यापासून घरातील ज्येष्ठ मंडळी प्रत्येक विधीबाबत ‘हे पूर्वापार चालत आले आहे’ असे सांगतात. जगात इतरत्र तरी लग्नाच्या चालीरीती खरोखरच इतक्या जुन्या आहेत का?
– एक वाचक

उत्तर : काही आहेत, पण ज्या सर्वांत जुन्या वाटतात, त्यांतल्या कित्येक आश्चर्य वाटावे इतक्या अलीकडच्या आहेत. शिंतो या जपानच्या पारंपरिक धर्माच्या देवस्थानात होणारा विवाह आज जपानी परंपरेची खूण मानला जातो, परंतु १९०० साली युवराज योशिहितो यांचे लग्न राजवाड्यातील देवस्थानासमोर लागले आणि त्यानंतर ही पद्धत लोकांत रुजली. तोपर्यंत लग्न बहुधा घरीच, आप्तांच्या समक्ष होत असे आणि वधूवरांनी साकेचे (तांदळाच्या मद्याचे) प्याले आळीपाळीने ओठांना लावणे हा त्यातला मुख्य विधी असे.

पांढऱ्या पोशाखाचेही तसेच आहे. रोमन वधूच्या डोक्यावर ज्योतीच्या रंगाचे वस्त्र असे. १० फेब्रुवारी १८४० रोजी राणी व्हिक्टोरियाने मात्र लंडनच्या स्पिटलफील्ड्समध्ये विणलेले पांढरे सॅटिन आणि डेव्हनमधील कारागीर स्त्रियांनी केलेली लेस निवडली आणि मुकुटाऐवजी संत्र्याच्या फुलांची माळ माळली. राजघराण्यांत पांढरा पोशाख त्यापूर्वीही कोणी कोणी घातला होता, पण या लग्नाची चित्रे दूरवर पोहोचली. तरीही सामान्य घरची वधू पुढे कित्येक वर्षे पुन्हा वापरता येईल असा रंगीत पोशाखच शिवून घेत असे, आणि मला तो व्यवहार फार शहाणपणाचा वाटतो.

पोशाखापेक्षा मोठा बदल संमती आणि साक्ष यांत झाला. मध्ययुगीन युरोपात ख्रिस्ती धर्मसंस्थेच्या नियमानुसार दोघांनी परस्परांना वचन दिले की विवाह ग्राह्य ठरे. धर्मगुरू किंवा साक्षीदार नसले तरी चाले. पुढे एकाने वचन नाकारले, तर दुसऱ्याजवळ, विशेषतः स्त्रीजवळ, दाखवायला काहीच उरत नसे. म्हणून १५६३ मध्ये कॅथलिक चर्चच्या ट्रेंट येथील धर्मपरिषदेने धर्मगुरू आणि किमान दोन साक्षीदार अनिवार्य केले. इंग्लंडमध्ये १७५३ च्या कायद्याने लग्न जाहीरपणे लावणे सक्तीचे केले आणि एकवीस वर्षांखालील मुलामुलींना परवान्याने लग्न करण्यासाठी पालकांची परवानगी आवश्यक ठरवली. हा कायदा स्कॉटलंडला लागू नव्हता. परिणामी अनेक जोडपी सीमा ओलांडून तिथले ग्रेटना ग्रीन हे सीमेलगतचे गाव गाठू लागली.

खरोखर जुनी म्हणावी अशी एक रीत ज्यू विवाहात आजही टिकून आहे. पतीची पत्नीविषयीची कर्तव्ये आणि घटस्फोट किंवा वैधव्य आल्यास तिला द्यावयाची रक्कम ‘केतुबा’ नावाच्या लेखी करारात नोंदवतात. त्यावर साक्षीदारांच्या सह्या होतात आणि तो समारंभातच मोठ्याने वाचून वधूच्या स्वाधीन केला जातो. ज्येष्ठांशी बोलताना, प्रत्येक विधी कोणाच्या हितासाठी सुरू झाला असावा, हे आपण मुलीच्या उपस्थितीत जरूर विचारावे.