एन्जिनएक्स लोड बॅलन्सर सुरूच होत नाही? आधी एवढं बघ

घाबरू नकोस, एन्जिनएक्स लोड बॅलन्सर म्हणून (म्हणजे आलेल्या विनंत्या मागच्या सर्व्हरांवर वाटून देणारा प्रोग्राम म्हणून) उभा करताना पहिल्यांदा सगळ्यांचंच अडतं. रीस्टार्ट पुन्हा पुन्हा मारणं आधी थांबव आणि सुडो (अ‍ॅडमिनचे अधिकार) लावून 'एन्जिनएक्स -टी' (sudo nginx -t) चालव; ही कॉन्फिग फाइलची तपासणी आहे. चूक असेल तर त्यात फाइलचं नाव आणि ओळ क्रमांक मिळतो. मात्र अर्धविराम राहिला असेल, तर चूक बऱ्याचदा दाखवलेल्या ओळीच्या वरच्या ओळीत असते. (माझा एक अख्खा रविवार त्यात गेलाय.)

-टी पास झालं, तरी सर्व्हिस उठत नाही? मग बहुतेक पोर्ट अडलेला आहे, म्हणजे दुसराच प्रोग्राम तो वापरतोय. अडलेला पोर्ट -टी पकडत नाही. सुडो लावूनच 'एसएस -एलटीएनपी' (sudo ss -ltnp) चालवून 80 आणि 443 वर कोण बसलंय ते बघ. बहुतेक वेळा अपाचे (दुसरा वेब सर्व्हर) सापडतो.

नवख्यांच्या आणखी दोन चुका:
- अपस्ट्रीममध्ये (मागच्या सर्व्हरांच्या यादीत) सर्व्हरचं नाव लिहिलं, पण ते डीएनएसमध्ये (नावावरून आयपी पत्ता देणाऱ्या यंत्रणेत) सापडत नाही. मग एन्जिनएक्स सुरूच होत नाही. तात्पुरता आयपी टाकून बघ.
- एचटीटीपीएसच्या सर्टिफिकेट फाइलचा पाथ चुकलेला.

सुरू झालं पण ब्राउझरमध्ये 502 एरर येतोय, तर दुखणं वेगळं: मागचा सर्व्हर तपास. वेट (कुठल्या सर्व्हरला किती वाटा), टाइमआउट वगैरे सेटिंगना सध्या हात लावू नकोस. अडलास तर एरर लॉगच्या शेवटच्या दहा ओळी इथे टाक.