बाबांवर लिहायला बसलीयेस तर भट्टीपासून सुरू कर

अगं, पाव भाजणारे तुझे बाबा गेले, त्यांच्यावर पहिल्यांदाच लिहितेयस म्हणून सांगते, 'प्रेमळ, कष्टाळू, कुटुंबवत्सल' हे शब्द आधी बाजूला ठेव, ते सगळ्यांच्याच श्रद्धांजलीत असतात. माझे काकाही गोव्यात म्हापशाकडचे पदेर, म्हणजे पाव भाजणारे, त्यांच्यावर लिहिलं तेव्हा अख्ख्या लेखात भट्टीचा वासच आला नाही, अजून वाईट वाटतं. तू भट्टीपासूनच सुरू कर, बाबा रात्री कितीला उठायचे, पीठ कोण मळायचं, आधी पीठ फुगवायला सूर म्हणजे माडी घालायचे नि यीस्ट कधी आलं, लाकडं कुठली, उंडो, कांकण, कोंडा लावलेली पोई या पावांतलं त्यांच्या हातचं खास काय, पाववाल्या सायकलच्या भोंग्याचा पों पों ऐकून कोण कोण दारात यायचं. आईला आत्ताच विचार आणि फोनवर रेकॉर्ड कर, नंतर तपशील निसटतात गं. मायाळूपणा प्रसंगातून येऊ दे. कुणाची उधारी कधी मागितली नाही, उरलेला पाव कुठे जायचा, आणि तू मागे म्हणालीस ना, रात्रभर जागून आल्यावरही तुला शाळेत सोडायला यायचे, ते तर सविस्तर लिही, तिथे घाई करू नकोस. तारखा तेवढ्या घरच्यांकडून तपासून घे. झालं की मला पाठव, मी नक्की वाचेन.