बायबलमधलं सगळं अक्षरशः पटत नाही, प्रार्थनेचे शब्द पोकळ वाटतात. माझी श्रद्धा संपली का?

तुम्ही लिहिलंय की ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, वाढलात, आता तिशीत आहात, योना माशाच्या पोटात होता वगैरे गोष्टी खऱ्या मानता येत नाहीत आणि घरी सांगायची भीती वाटते. मी यातून गेले आहे. माझी श्रद्धा संपली नाही. पण ती पुन्हा हाती लागेपर्यंत बरीच वर्षं गेली, आणि ती ज्या वाटेने लागली ती मला आधी कोणी दाखवली नव्हती.

मी मूळची नगरची. घरी रोज संध्याकाळी शास्त्रवाचन, रविवारी ‘उपासना संगीत’ हे गीतांचं पुस्तक हातात घेऊन पहिल्या बाकावर. वडील मंडळीचे पंच. फोंड्याजवळच्या एका शाळेत मराठी शिकवायला म्हणून गोव्यात आले. भाड्याने घर मिळालं त्या मालकीणबाईंना सगळे माई म्हणायचे. मागे कुळागर, म्हणजे माडा-पोफळींची बाग, पुढे तुळशीवृंदावन. पहिल्याच पावसाळ्यात मला डेंग्यू झाला, तेव्हा माई सात रात्री उशाशी बसून होत्या, तासातासाने पेजेची निवळ पाजत. तापातून उठल्यावर पाहिलं, तर उशीजवळचं माझं बायबल लाल कापडात नीट बांधून ठेवलेलं. त्यांची देवघरातली पोथी ज्या कापडात असायची, त्याचाच दुसरा तुकडा. “घामाने भिजलं असतं गो,” एवढंच म्हणाल्या.

तीन वर्षांनी माई गेल्या. त्याच आठवड्यात, मी तेव्हा ज्या प्रार्थना-गटात जात होते तिथे, चालकांनी मला सगळ्यांसमोर समजावलं की येशूचा स्वीकार न करता गेलेला आत्मा कुठे जातो हे शास्त्रात स्पष्ट आहे, भावनेला बळी पडू नकोस. मी घरी येऊन ते लाल कापड सोडलं आणि मत्तयाचा २५वा अध्याय काढला. तिथे शेवटच्या न्यायाच्या वेळी राजा, म्हणजे ख्रिस्त, म्हणतो, मी आजारी होतो आणि तुम्ही माझ्याकडे आलात. ज्यांना तो हे म्हणतो, त्यांना पत्ताच नसतो. ते विचारतात, प्रभो, आम्ही तुला आजारी कधी पाहिलं? लहानपणापासून पाठ होता हा उतारा. त्या रात्री पहिल्यांदा त्यात माई दिसल्या.

गोव्यात हा प्रश्न नुसता शास्त्राचा राहत नाही. माईंचा कुलदेव मंगेश. पोर्तुगीज अंमलात देवळं पाडली जात होती, तेव्हा १५६० साली तो कुशस्थळीहून, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीहून, झुआरीपलीकडे प्रियोळला हलवावा लागला. इन्क्विझिशन, म्हणजे धर्मावरून लोकांना शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय, इथे त्याच वर्षी सुरू झालं आणि मधली काही वर्षं सोडली तर १८१२ पर्यंत चाललं. माईंच्या घरात ही आठवण जिवंत होती, तरी माझ्या बायबलला त्यांनी पोथीचं कापड दिलं. “शास्त्रात स्पष्ट आहे” हे वाक्य या मातीत आधी कोणी कोणाला ऐकवलंय, याचा विचार केल्याशिवाय मला ते पुन्हा उच्चारता येईना.

मग वाचायला लागले. शास्त्राचा इतिहास म्हणून अभ्यास करणारे ख्रिस्ती लोक आहेत, आणि ते श्रद्धाहीन नाहीत, हेच मला नवीन होतं. बायबलचं पहिलं पुस्तक उत्पत्ती, त्याच्या पहिल्या अध्यायात आधी पशू आणि मग नर-नारी एकत्र. दुसऱ्यात आधी पुरुष, मग पशू, शेवटी स्त्री. दोन्ही ठेवणाऱ्यांना हा फरक दिसत नव्हता थोडाच! मार्काचं शुभवर्तमान, म्हणजे त्याने लिहिलेलं येशूचं चरित्र, घ्या. चौथ्या शतकातल्या दोन जुन्या, मोठ्या हस्तलिखितांत ते १६व्या अध्यायाच्या आठव्या वचनाला थांबतं: बायका रिकाम्या कबरेपासून पळत सुटतात आणि भीतीमुळे कोणाला काही सांगत नाहीत. पुढची वचनं नंतर जोडलेली आहेत, असं बहुतेक अभ्यासक मानतात. तुम्ही भीतीबद्दल लिहिलंत म्हणून मुद्दाम सांगते. एक शुभवर्तमान तिथेच थांबलेलं आहे.

अमेरिकेतले अभ्यासक मार्कस बोर्ग (ते २०१५ मध्ये वारले) यांचा एक मुद्दा मला सगळ्यात उपयोगी पडला. मतांगिकाराचा, म्हणजे उपासनेत म्हणतात त्या श्रद्धेच्या कबुलीचा, ‘क्रेडो’ हा लॅटिन शब्द आपण ‘हे विधान मला मान्य आहे’ असा घेतो. मुळात त्याचा अर्थ हृदय ठेवणं. मराठीच्या बाईला यात आणखी एक गोष्ट दिसते: ‘क्रेडो’ आणि आपली ‘श्रद्धा’ हे एकाच मुळातून आलेले शब्द आहेत. योना आणि मासा यांवर तुमचं मत काय, हा एक प्रश्न. हृदय कुठे ठेवलंय, हा वेगळा.

पण खरं सांगू? एवढ्याने भागत नाही. दोनेक वर्षं मी नुसती तपासणी करत होते. प्रवचन चालू असताना मनात चुका काढायच्या, गीतातली ओळ खटकली की तोंड मिटायचं. डोकं मोकळं झालं आणि प्रार्थना मात्र पार आटली. तुम्ही ‘पोकळ’ म्हणता ते हेच असावं. इथेच पुष्कळ लोक सोडून देतात, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण पुढचं दार अगदी जवळ असतं.

माझ्यासाठी ते पिलारच्या टेकडीवर उघडलं. एका कॅथलिक सहकारी शिक्षिकेबरोबर तीन दिवस मौनात राहायला गेले होते. तिथल्या वयस्कर सिस्टरला मी म्हटलं, मला आता प्रार्थना करता येत नाही. ती म्हणाली, “बसपाक येता न्हय? पुरो.” बसता येतं ना, तेवढं पुरे.

तिने मला जॉन मेन यांच्याबद्दल सांगितलं. पन्नासच्या दशकात मलायात (आजच्या मलेशियात) नोकरीला असताना ते एका हिंदू स्वामींकडे मंत्र घेऊन ध्यान करायला शिकले. पुढे बेनेडिक्टाईन या कॅथलिक संघात साधू झाल्यावर त्यांना ते सोडायला लावलं. बऱ्याच वर्षांनी जॉन कॅसियन या जुन्या ख्रिस्ती साधूच्या लिखाणात त्यांना तीच रीत सापडली: एकच लहान प्रार्थना, पुन्हा पुन्हा. त्यांनी घेतलेला शब्द ‘मारानाथा’. बायबलमधल्या करिंथकरांस पहिल्या पत्राच्या शेवटी तो अरामी भाषेतच राहिलाय. अर्थ, ‘प्रभू, ये’.

ऐकताना मला हसू आलं, आनंदाचं. नामस्मरण शिकायला मी वारकऱ्यांच्या मुलखातून गोव्याच्या कॉन्व्हेंटात आले होते. आमच्या नगरच्या ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांना हे माहीत होतं. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते म्हणत. १९१७ मध्ये मिशन सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ हा भक्तमेळा काढला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. माईंना तिथे कोणी अडवलं नसतं.

आमच्याकडे नळाला पहाटे पाचला पाणी येतं. ड्रम भरायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. तेवढा वेळ मी शेजारी स्टुलावर बसते, डोळे मिटून, तो एक शब्द घेऊन. विचार आला की परत शब्दावर. सुरुवातीचे कित्येक महिने काहीही झालं नाही: तपासायच्या वह्या, गॅसचा नंबर, माईंची आठवण. मग एकदा पाणी काठावरून वाहायला लागलं तेव्हा लक्षात आलं की बराच वेळ मी काही मागत नव्हते, आणि एकटीही नव्हते. तेजोवलय वगैरे काही नाही. असं वर्षातून दोन-तीनदा होतं. बाकी दिवस नुसतं बसणं. त्या चालकांवरचा माझा राग अशा बसण्यातच कमी झाला, वाचनाने तो वाढतच होता.

म्हणून तुम्हाला सांगते: वाचा, शंका दाबू नका, पण त्याच काळात रोज वीस मिनिटं गप्प बसायला लागा. शंका मिटेपर्यंत थांबू नका. आणि जुनी गीतं टाकू नका, मी ती पुन्हा गाते. मौनाने अस्वस्थता वाढली, जुन्या जखमा वर आल्या तर मात्र एकट्याने रेटू नका, कोणातरी जाणत्या माणसाबरोबर बसा.

घरी सांगायचं म्हणाल, तर मी वडिलांना पत्र लिहिलं. ते तीन आठवडे बोलले नाहीत. मग फोन आला, “प्रार्थना करतेस ना?” मी म्हटलं, करते, पण बोलत नाही. त्यांना ते पटलं नाही, अजूनही पटलेलं नाही. योना माशाच्या पोटात होताच, असं ते आजही म्हणतात आणि मी वाद घालत नाही. दर रविवारी रात्री फोन ठेवण्याआधी ते नेहमीसारखी लांब प्रार्थना करतात. फक्त हल्ली ‘आमेन’च्या आधी थोडा वेळ गप्प राहतात. तेवढं माझ्यासाठी.