अमेरिकेत छोट्या विमानतळावर हौशी वैमानिकांची एरोबॅटिक्स (हवाई कसरतींची) स्पर्धा कशी भरवतात?

विमानं आणि वैमानिक मिळतात हो, खरी ओढाताण असते ती जमिनीवरच्या माणसांची. तिकडे बऱ्याच स्पर्धा इंटरनॅशनल एरोबॅटिक क्लबच्या स्थानिक शाखा भरवतात आणि सगळं काम स्वयंसेवकच करतात. आधी एफएएकडून, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाकडून, वेव्हर (नियमांतून सूट देणारा परवाना) घ्यायचा, मग आकाशातला 'बॉक्स' ठरवायचा, म्हणजे साधारण 1000 मीटर लांब-रुंद जागा, जिच्या खुणा वरून दिसाव्यात म्हणून जमिनीवर पांढरे पट्टे टाकतात. बॉक्समध्ये एका वेळी एकच विमान. प्रायमरी आणि स्पोर्ट्समन या सुरुवातीच्या दोन गटांना 1500 फुटांच्या खाली उतरायचं नाही, आणि यात अजिबात सूट नको, नवशिक्याला चूक सावरायला तेवढी उंची लागतेच.

परीक्षक बॉक्सच्या बाहेर खुर्च्या टाकून बसतात, ऊन डोळ्यावर येणार नाही अशा बाजूला. परीक्षकाने विमानावरची नजर काढायचीच नाही, तो नुसतं "आठ, साडेसात, लूप गोल नाही" असं बोलत जातो आणि शेजारचा रेकॉर्डर मान खाली घालून भराभर लिहितो. प्रत्येक फिगरला, म्हणजे लूपसारख्या एकेका कसरतीला, 10 पैकी मार्क, दर 5 अंश चुकीला एक मार्क कमी, मग अवघडपणाच्या गुणांकाने गुणायचं.

पहिल्यांदा भरवत असाल तर गट कमी ठेवा पण रेकॉर्डर जास्तीचे ठेवा, दुपारच्या उन्हात माणूस थकतो आणि एक ओळ चुकली की पुढचे सगळे मार्क सरकतात, बिचाऱ्या वैमानिकाची मेहनत वाया. पाणी, टोपी, सावली आधी बघा!