दगड तुमच्या रानातला, पण तुमचा नाही

प्रश्न : मी कळव्यात राहतो, वय 46. मुरबाड तालुक्यात वडिलोपार्जित जमीन आहे, सातबाऱ्यावर मी आणि माझी बहीण. त्यातले दोन एकर नुसता कातळ, पोटखराबा (लागवडीला न येणारी जमीन). एक खडीवाले दहा वर्षांच्या करारासाठी 12 लाख रुपये एकरकमी द्यायला तयार आहेत. त्यांना माझं संमतीपत्र आणि कुलमुखत्यारपत्र (माझ्या वतीने सह्या-अर्ज करायचा अधिकार) हवंय. म्हणतात, 2013 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानुसार खनिज जमीनमालकाचंच, सरकारचा संबंध नाही. माझं 18 लाखांचं गृहकर्ज 8.6 टक्क्यांनी चालू आहे. हे पैसे त्यात भरू का?

उत्तर : कर्जाचं गणित चुकीचं नाही. 12 लाख भरले तर पहिल्याच वर्षी लाखभर रुपये व्याज वाचेल. अडचण कर्जाची नाही, त्या 12 लाखांची आहे.

आधी तो निकाल. निकाल खरा आहे, 8 जुलै 2013 चा, पण केरळमधल्या मलबारच्या जमिनींबद्दलचा. जमिनीच्या पोटातलं खनिज सहसा जमीनमालकाचंच, मात्र एखाद्या कायद्याने ते त्याच्याकडून काढून घेतलेलं नसेल तरच, असा त्याचा मथितार्थ. वाक्याचा हा दुसरा अर्धा भाग खडीवाल्यांनी खिशातच ठेवला. आपल्याकडे असा कायदा आहे : महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966, कलम 48. खनिज जमिनीवर असो की खाली, शेतात, बांधावर, नाल्यात कुठेही असो, हक्क राज्य सरकारचा. कोणाचा खाणीवर आधीपासूनचा हक्क असेल तर तो राखून ठेवला आहे, पण तसं तुमच्याकडे काही दिसत नाही.

म्हणजे तुम्ही दगड विकत नाही आहात. आपल्या जागेत शिरू द्यायचे पैसे घेताय. आता ते किती पडतात बघा.

एक ब्रास म्हणजे 100 घनफूट. एक एकर जागा एक फूट खोल गेली की साधारण 435 ब्रास निघतात. दोन एकर, वीस फूट खोल : 17,400 ब्रास. 12 लाखांना भागा, ब्रासमागे 69 रुपये. सरकारची रॉयल्टी 600 रुपये ब्रासने धरली तर तेवढ्याच दगडावर एक कोटीच्या वर जाते. आणि वीस फुटांवर थांबायचं, असं करारात कुठे लिहिलंय का? शिवाय कातळ फोडला की फुगतो. खड्ड्यातला एक ब्रास डंपरमध्ये दीडच्या आसपास भरतो. मोजणी खड्ड्यात की गाडीत, यावर अख्खं वर्षाचं उत्पन्न इकडचं तिकडे होतं.

हे झालं कमी मिळण्याचं. मला भीती आहे ती उलट खिशातून जाण्याची. परवान्याशिवाय किंवा परवान्यापेक्षा जास्त दगड काढला तर बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो, आणि तो जमीन महसुलाच्या थकबाकीसारखा वसूल होतो. समजा 500 ब्रास जास्त गेला, भाव हिशेबापुरता हजार रुपये धरला, तर दंड 25 लाखांपर्यंत. खडीवाल्याची पोकलेन एका रात्रीत दुसऱ्या तालुक्यात जाते. तुमचा गट नंबर कुठे जाणार? नोटीस तुमच्या नावाने, बोजा तुमच्या सातबाऱ्यावर. कुलमुखत्यारपत्र दिलेलं असेल तर सगळे अर्ज तुमच्याच नावाने झालेले असतील, म्हणून तो कागद अजिबात देऊ नका. संमतीपत्र आणि कुलमुखत्यारपत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकीच्या घाईत दुसरीवर सही घेतली जाते.

द्यायचंच असेल तर खाणपट्टा (दगड काढायचा सरकारी भाडेपट्टा) किंवा परवाना त्यांच्या नावावर निघू दे. पर्यावरण मंजुरीही त्यांनीच काढायची. सुप्रीम कोर्टाच्या 2012 च्या दीपक कुमार निकालानंतर पाच हेक्टरखालच्या खाणींनाही ती लागते. खोलीची मर्यादा, खड्ड्यातली मोजणी, दरवर्षी ठरलेली किमान रक्कम आणि वर ब्रासमागे दर, एवढं करारात हवं. मंजुरी हातात येईपर्यंत पैसे घेऊ नका. आल्यावर पहिली दोन वर्षं ते एफडीत ठेवा, कर्जात नको. कर्जात घातलेला पैसा नोटीस आली म्हणून परत मिळत नाही. आणि हे शेतीचं उत्पन्न नव्हे. तुमच्या स्लॅबने कर लागेल, तो बाजूला काढा.

मी तुमच्या जागी असतो तर आत्ताच्या अटींवर सही केली नसती. कर्जाला दरवर्षी एखादा जास्तीचा हप्ता भरा, वेळ लागेल पण झोप लागेल.

एक राहिलं. सातबाऱ्यावर बहिणीचंही नाव आहे, मग तिची सही कोणी का मागितली नाही? तिचा वाटा अर्धा असेल तर तुमच्या कर्जात जायला 12 नव्हे, 6 लाखच आहेत. खडीवाल्यांना फोन करण्याआधी तिला करा.